शेरा

रजिस्टरात अकरा रकाने.
नाव, गाव, वय, कितवी खेप, रक्तदाब,
वेळ, ठिकाण, मूल, आई,
मग बोटाच्या पेराएवढा शेरा,
मग माझी सही.

काल रात्री दिवे गेले.
मोबाइलचा उजेड दातांत धरून
एकीला टाके घालत होते,
तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटा.
एकदाच. मग थांबून पुन्हा एकदा,
उशीर झालेला माणूस वाजवतो तशी.

भाड्याची सायकल. मागच्या फळकुटावर एनिफा,
कमरेची दोन्ही लुगडी भिजून काळी,
आणि सायकलवाल्याच्या शर्टात
गुंडाळलेलं काहीतरी,
जे शिंकलं.

पुलाच्या अलीकडे झाली म्हणे,
चहाच्या दोन ओळींमध्ये.
नाळ कुणी कापली?
त्याने. ब्लेड माझंच होतं, ती म्हणाली,
तुमच्या यादीतलं.

यादी आम्ही देतो.
बेसिन एक, काळं प्लास्टिक दोन मीटर,
कोरं ब्लेड, दोरा, मेणबत्ती.
मेणबत्ती तिने मोडू दिली नव्हती.
तीच पेटवून मी तिला तपासलं.

महिनाभर आधी येऊन राहा, असं आम्ही सांगतो.
मागे खोली आहे, बारा चटया आहेत.
पीठ मात्र आपलं आणायचं, सरपण आपलं,
आणि मळ्यात पैसे किलोवर मिळतात.
नववा लागला तरी एनिफा खुडत होती,
पाठीला टोपली, पुढे पोट.
दोन्हीकडे ओझं असलं की तोल जात नाही, सिस्टर,
असं म्हणून हसली,
आणि हसताना दुखलं तशी गप्प झाली.

मग हळूच विचारलं: मुखियाला कळेल का?

दवाखान्याबाहेर बाळंत झाली तर एक बकरी दंड.
नियम दुष्टपणाचा नाही.
दोन वर्षांपूर्वी लुफिना घरीच अडली,
रक्त थांबेना, आणि आम्हाला निरोप आला तो
खड्डा खणून झाल्यावर.
त्यानंतर सभा झाली, नियम झाला.
टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होते.

एनिफाच्या घरी बकरी एकच आहे. आईची.
तीही गाभण.

ठिकाणाच्या रकान्यात मी लिहिलं: येथे.

दोन अक्षरं. शाई वाळायच्या आत
पान उलटलं.

महिनाअखेरीला हे ‘येथे’ बेरजेत जाईल,
जिल्ह्याला जाईल, तिथून राजधानीला.
तिथल्या भिंतीवर एक खांब
केसभर उंच होईल.
म्हणतील, थ्योलोच्या बायका पोचतात हो वेळेवर.
आमची अँब्युलन्स डिझेलवाचून उभी आहे,
तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात,
त्यांचा रकाना नाही.
एका शब्दाने मी एक बकरी वाचवली
आणि कदाचित एक रस्ता बुडवला.
हे मला कळत नाही असं नाही.

आमच्या चिचेवात
दिवस गेलेल्या बाईला म्हणतात, ती पकाती आहे.
पकाती म्हणजे मध्ये.
कशाच्या आणि कशाच्या मध्ये,
ते आईने मला सांगितलं नाही,
मीही कुणाला सांगत नाही.
बाळंत झालेल्या बाईला काय म्हणायचं
हे काल रात्री सुचेना.
ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती,
मुलगी छातीशी,
पायांना अजून मळ्यातली माती.

सकाळी सायकलवाला आला.
पायरीखाली उभा राहिला, वर येईना.
भाडं बुडालं असेल, तेच मागेल वाटलं.
तर म्हणाला, शर्ट.
एकच आहे माझा.

धुऊन तारेवर टाकला होता, ओलाच होता.
खिशापाशी डाग राहिलेला.
तसाच अंगात घातला, वरचं बटण लावलं,
घंटा न वाजवता गेला.

मी आत आले.
रजिस्टर उघडलं, कालचं पान काढलं.
शेऱ्यात जागा होती तेवढ्यात
बारीक अक्षरात लिहिलं:
शर्ट परत केला.

आणि सही केली.